‘दर्शनी उपजीविका’ : टकारी कारागिरांचा व्यवसाय, वसाहतकालीन नोंदी आणि इतिहासलेखन

प्रास्ताविक

महाराष्ट्राच्या सामाजिक व आर्थिक इतिहासात ग्रामीण व्यवसायांचा विचार प्रामुख्याने बारा बलुतेदार व अलुतेदार या चौकटीत झालेला आहे. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट इत्यादींची कामे, त्यांचे हक्क आणि त्यांना मिळणारे बलुते यांविषयी विपुल लेखन उपलब्ध आहे. परंतु गावाच्या दैनंदिन जीवनाला आवश्यक असलेले, तरीही या चौकटीत कधीच न बसलेले अनेक व्यवसाय होते. त्यांपैकी एक म्हणजे जात्याला व पाट्याला टाकी लावण्याचा व्यवसाय. हा व्यवसाय करणाऱ्यांना पश्चिम महाराष्ट्रात व मराठवाड्यात ‘टकारी’ आणि वऱ्हाडाकडे ‘टाकणकार’ म्हटले जाते. ‘टाकी’ म्हणजे दगड घडविण्याची पोलादी छिन्नी; तिच्यावरूनच ही नावे पडली आहेत.

या व्यवसायाची माहिती मिळविण्यासाठी अभ्यासक जुन्या ग्रंथांकडे वळतो, तेव्हा एक विलक्षण गोष्ट त्याच्या लक्षात येते. ज्या कारागिरांच्या हातांवर घरोघरची भाकरी अवलंबून होती, त्यांची माहिती उद्योगधंद्यांच्या अहवालांपेक्षा पोलीस खात्याच्या पुस्तकांत अधिक सापडते आणि तेथे त्यांचा व्यवसाय हा व्यवसाय म्हणून नव्हे, तर एक बहाणा म्हणून नोंदविलेला असतो. प्रस्तुत लेखात या व्यवसायाचे स्वरूप, त्याची भटकी रचना, वसाहतकालीन कायद्याने त्याकडे पाहण्याची स्वीकारलेली दृष्टी आणि त्या दृष्टीचे आजच्या इतिहासलेखनावरील परिणाम यांचा विचार केला आहे.

जाते, पाटा आणि टाकी

धान्य दळण्याची साधने दख्खनमध्ये फार प्राचीन आहेत. ताम्रपाषाणयुगीन वसाहतींच्या उत्खननांत पाटा-वरवंट्याच्या जातीची दळणसाधने मिळाली आहेत. खुंट्याने फिरविले जाणारे वर्तुळाकार जाते त्यामानाने उशिराचे असून, ते दख्खनमध्ये ऐतिहासिक काळाच्या आरंभीच्या शतकांत प्रचारात आलेले दिसते. १९५४ ते १९५६ या काळात नेवासे येथे उत्खनन करणारे ह. धी. सांकलिया यांनी भारतातील फिरत्या जात्यांचा स्वतंत्र अभ्यास १९५९ मध्ये प्रसिद्ध केला होता. म्हणजेच सुमारे दोन हजार वर्षे हे साधन येथील घराघरांत वापरले जात होते.

जात्याची रचना साधी दिसते. पण तिच्यामागे एक सूक्ष्म तत्त्व आहे. खालची तळी स्थिर असते, वरची तळी मधल्या खिळ्याभोवती फिरते आणि मधल्या तोंडातून टाकलेले धान्य दोन्ही तळ्यांच्या मधून कडेकडे सरकत जाते. धान्य दळले जाते ते दगडाच्या वजनापेक्षाही त्याच्या पृष्ठभागावरील खाचांमुळे. या खाचा धान्य पकडतात, फोडतात आणि पीठ बाहेर सरकवितात. रोजच्या घर्षणाने खाचा झिजतात व दगड गुळगुळीत होतो. असे जाते ओढावयास जड लागते, पीठ जाडेभरडे पडते, त्याच पायलीला अधिक वेळ लागतो. महाराष्ट्रातील काळा पाषाण कठीण असला, तरी ही झीज त्यालाही टळत नाही. म्हणून काही महिन्यांच्या अंतराने दोन्ही तळ्यांना पुन्हा टाकी लावून घेणे अनिवार्य असे.

हे काम वरवर पाहता केवळ ठोकाठोकीचे वाटते. प्रत्यक्षात खाचा मधून कडेकडे कशा न्यावयाच्या, कडेला त्या किती बारीक ठेवावयाच्या, दगडाच्या कोणत्या भागात घाव हलका घालावयाचा, हे सर्व अनुभवानेच कळते. खाचा अधिक खोल गेल्या तर पीठ जाड येते. उथळ राहिल्या तर थोड्याच दिवसांत पुन्हा टाकी लावावी लागते. घाव चुकला तर कपची उडून तळीच निकामी होते. पाट्याचे काम आणखी निराळे. तेथे वाटण सरकून न जाता वरवंट्याखाली धरले जावे, या बेताने टाके घालावे लागतात. टाकी लावल्यावर दगडाची कच पिठात येऊ नये म्हणून प्रथम कोंडा किंवा थोडे धान्य दळून टाकून देण्याची पद्धत होती. कारागीर जवळ बाळगी ती साधने मात्र मोजकीच : एक हातोडी आणि दोन-चार टाक्या. कामाचा मोबदला बहुधा धान्याच्या रूपाने, कधी भाकरीच्या, तर पुढील काळात पैशाच्या रूपाने मिळे.

या व्यवहारातील दुसरी बाजू स्त्रियांची होती. जाते हे स्त्रीच्या श्रमाचे साधन. त्यामुळे टाकी चांगली लागली की नाही, याचा निर्णय दळणाऱ्या स्त्रीच्या मनगटालाच कळे. गी पॉइतव्हाँ व हेमा राइरकर यांच्या प्रयत्नांतून संकलित झालेल्या जात्यावरील ओव्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. २०१७ पासून त्यांचे डिजिटल प्रकाशनही होत आहे. या ओव्यांचा अभ्यास स्त्रीजीवनाचा दस्तऐवज म्हणून योग्य रीतीने झाला आहे. मात्र ज्या दगडाच्या घरघरीवर या ओव्या गायिल्या गेल्या, तो दगड दळता ठेवणाऱ्या हातांचा विचार त्या प्रमाणात झालेला नाही.

गावगाड्याबाहेरचा कारागीर

टकारी बलुतेदार का झाला नाही, हा प्रश्न आर्थिक इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. ग्रँट डफ यांच्या १८२६ च्या मराठ्यांच्या इतिहासापासून पुढे बलुतेदार-अलुतेदारांच्या ज्या याद्या सामान्यतः दिल्या जातात, त्यांत टकाऱ्याचा समावेश आढळत नाही. याचे कारण त्याच्या कामाच्या स्वरूपातच शोधले पाहिजे. लोहाराची किंवा सुताराची गरज शेतकऱ्याला वर्षभर, वारंवार आणि अनेकदा तातडीने लागते. टकाऱ्याचे काम प्रत्येक घरी आवश्यक असले, तरी ते वर्षातून एक-दोनदाच लागते.

एका काल्पनिक उदाहरणाने हे स्पष्ट होईल. दोनशे घरांचे एक गाव आहे आणि प्रत्येक घरी जात्याला वर्षातून दोनदा टाकी लावली जाते, असे समजू. वर्षाला चारशे कामे झाली. एक कारागीर दिवसाला पाच जाती करतो असे धरले, तर सारे काम ऐंशी दिवसांत संपते. कुटुंबात दोन-तीन काम करणारे हात असतील, तर त्याहूनही लवकर. उरलेल्या काळात या कुटुंबाने काय करावे? दुसऱ्या गावी जाणे, तेथून तिसऱ्या गावी जाणे आणि काही महिन्यांनी पुन्हा पहिल्या गावी परतणे हाच त्यावरील स्वाभाविक मार्ग होता. म्हणजेच त्यांची भटकंती हा स्वभावदोष नव्हता; ती त्या व्यवसायाची आर्थिक गरज होती.

या भटकंतीचे दोन परिणाम झाले. पहिला असा की, गावात घर नाही, वतन नाही, बलुत्याचा हक्क नाही. वतनावरून तंटे होत, महजर होत, निवाडे होत आणि त्यांतून कागद निर्माण होत. बलुतेदारांचा इतिहास आपल्याला पुष्कळसा या कागदांमुळे माहीत आहे. ज्याला वतनच नाही त्याचा तंटा नाही, आणि तंटा नाही म्हणून कागदही नाही. दुसरा परिणाम असा की, गावाच्या दृष्टीने हा कारागीर कायम परकाच राहिला. त्याचे काम हवे होते. मुक्काम मात्र गावकुसाबाहेर, पालात. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या मौलिक ग्रंथात फिरस्त्यांचा सविस्तर विचार आला आहे. त्या विवेचनात निरीक्षणाची सूक्ष्मता आहे, तशीच फिरस्ते हा कुणब्यावरील भार होय, ही भावनाही आहे. स्थिर गावाच्या दृष्टीने पाहिले असता फिरणारा माणूस कसा दिसतो, याचे ते प्रातिनिधिक चित्र म्हणता येईल.

कायदा आणि ‘दर्शनी उपजीविका’

गावाच्या या दुराव्याला राज्यसत्तेने कायद्याचे रूप दिले. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा प्रथम वायव्य प्रांत, अयोध्या व पंजाब या भागांत लागू झाला. १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती मुंबई इलाख्यासह सर्व ब्रिटिश हिंदुस्थानात पोहोचली आणि १९२४ मध्ये या तरतुदी एकत्रित करण्यात आल्या. एखादी जमात एकदा अधिसूचित झाली की, तिच्या सभासदांची नोंदणी, बोटांचे ठसे, पोलिसांकडील हजेरी, गाव सोडण्यापूर्वी परवाना आणि प्रसंगी वसाहतीत स्थानबद्धता हे सर्व ओघानेच येई. अधिसूचनेच्या वैधतेविरुद्ध न्यायालयात दाद मागण्याचा मार्गही बंद केलेला होता.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने १८७१ च्या कायद्यातील एक तरतूद विशेष लक्षणीय आहे. कायम वस्ती नसलेल्या जमातीविषयी प्रांतिक सरकारने अहवाल पाठविताना, ती जमात कोणता कायदेशीर व्यवसाय करते हे नमूद करावयाचे होते. आणि तो व्यवसाय हाच तिचा खरा व्यवसाय आहे की गुन्हे करणे सुकर व्हावे म्हणून केलेला बहाणा आहे, याविषयीचे आपले मतही कारणांसह द्यावयाचे होते. येथे व्यवसायाचे अस्तित्व नाकारलेले नाही. त्याचा खरेपणा संशयित ठरविण्याचा अधिकार शासनाने स्वतःकडे घेतला आहे. कारागिराच्या हातात टाकी आहे, तो दगडावर घाव घालीत आहे, गावातील बाया त्याच्याकडून काम करून घेत आहेत. तरीही तो व्यवसाय ‘खरा’ आहे की नाही, हे ठरविणार मात्र कचेरीतील अधिकारी.

या दृष्टीला पुढे ग्रंथांचे रूप मिळाले. मुंबई इलाख्याच्या पोलीस खात्यातील अधिकारी मायकेल केनेडी यांचे गुन्हेगार वर्गांवरील पुस्तक १९०८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात प्रत्येक जमातीची माहिती ठरावीक मुद्द्यांनुसार दिली असून, त्यांतील एक मुद्दा ‘दर्शनी उपजीविका’ असा आहे. अर्थात जी वरवर दाखविली जाते ती उपजीविका. हा मथळाच निष्कर्ष सांगून टाकतो. टोपल्या विणणे, दगड फोडणे, चटया करणे, जात्याला टाकी लावणे, शिकार करणे ही सर्व कामे या मथळ्याखाली आली की, ती आपोआपच कशाचा तरी पडदा ठरतात. रसेल व हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील ग्रंथात (१९१६) पारधी जमातीच्या विवेचनात टाकणकारांचा उल्लेख येतो आणि घरोघरच्या जात्यांना टाकी लावीत फिरणारे म्हणून त्यांची ओळख दिली जाते. ही नोंद महत्त्वाची आहे. पण टाकी कशी लावतात, तिची साधने कोणती, मोबदला किती, शिक्षण कसे मिळते, यांविषयी कुतूहल तेथेही फारसे नाही.

संशयाचे तर्कशास्त्र असे होते की, घरोघर जाणाऱ्याला घराची माहिती होते आणि ज्याच्या हाती छिन्नी-हातोडी आहे तो भिंतही फोडू शकतो. हे तर्कशास्त्र सुताराला, गवंड्याला किंवा लोहारालाही लागू पडले असते. पण त्यांना गावात घर व वतन होते, म्हणून त्यांची छिन्नी हत्यार ठरली नाही. जमातीतील कोणीही कधी चोरी केली नाही, असे येथे प्रतिपादन करावयाचे नाही. मुद्दा असा की, या कायद्याने व्यक्तीच्या कृत्याचा शोध न घेता जन्माला पुरावा मानले. जातीगणिक धंदा वंशपरंपरेने चालतो, तसा गुन्हाही चालत असला पाहिजे, असा युक्तिवाद त्याच्या मुळाशी होता. गंमत अशी की, ज्यांचा खरोखरीचा वंशपरंपरागत धंदा डोळ्यांसमोर होता, त्यांच्याच बाबतीत तो धंदा खोटा व गुन्हा खरा मानला गेला.

तुलनेसाठी इंग्लंडमधील चक्कीचे दगड टाचणाऱ्या फिरत्या कारागिरांचे उदाहरण घेता येईल. टाकीच्या घावाने उडणारे पोलादाचे सूक्ष्म कण त्यांच्या हातांच्या कातडीत रुतून काळसर ठिपके पडत. नवा कारागीर कामाला आला की, गिरणीमालक त्याला हात दाखवावयास सांगत आणि त्या ठिपक्यांवरून त्याचा अनुभव जोखीत, असे सांगितले जाते. काम तेच, फिरतीही तशीच. पण तेथे हात पाहिला जाई तो कौशल्यासाठी आणि येथे हात पुढे करावा लागे तो ठशांसाठी.

वसाहती, मुक्तता आणि व्यवसायाचा ऱ्हास

मुंबई इलाख्यात सोलापूर, विजापूर, हुबळी, गदग आदी ठिकाणी गुन्हेगार जमातींच्या वसाहती स्थापन झाल्या. सोलापुरात वसाहतीतील लोकांना कापडगिरण्यांत कामाला लावण्यात आले. ‘प्रामाणिक श्रमाची सवय लावणे’ हा या वसाहतींचा जाहीर हेतू होता. ज्यांच्याजवळ पिढ्यान्‌पिढ्यांचे श्रमकौशल्य होते, त्यांना श्रमाची सवय लावण्याची ही भाषा विसंगत होती. पण व्यवसाय बहाणा मानल्यावर ती सुसंगत वाटू लागली. हजेरी व परवाना यांच्या बंधनामुळे फिरणे अशक्य झाले आणि ज्या व्यवसायाचा प्राणच फिरतीत होता, तो आपोआप खिळखिळा झाला.

मुंबई प्रांतात क. मा. मुन्शी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९३९ मध्ये या प्रश्नावर अहवाल दिला. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये मुंबई प्रांताने हा कायदा रद्द केला. अनंतशयनम अय्यंगार समितीच्या शिफारशींनंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो देशभर रद्द झाला. हाच दिवस आज विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. १९६१ मध्ये थाडे समितीच्या शिफारशींनंतर महाराष्ट्रात १४ विमुक्त जाती व २८ भटक्या जमाती यांच्या याद्या तयार झाल्या. त्यांत टकारी ही ‘भामटा’ या जातीची तत्सम जात म्हणून नोंदली गेली.

मुक्तता झाली तेव्हा व्यवसायाच्या पायाखालची जमीन मात्र सरकलेली होती. शहरांत पीठगिरण्या आधीच आल्या होत्या. खेड्यांत प्रथम तेलावरच्या इंजिनाने आणि १९६० नंतर विजेच्या प्रसाराने गिरणी पोहोचली. पाटा-वरवंट्याची जागा पुढे विजेच्या मिक्सरने घेतली. गिरणीच्या दगडांनाही ठरावीक काळाने टाकी लावावी लागते. पण ते काम बहुधा गिरणीवालाच करतो. या बदलाविषयी खंत करीत बसणे योग्य नव्हे. पहाटे उठून दळण दळण्याच्या कष्टातून कोट्यवधी स्त्रियांची सुटका झाली, ही मोठीच सामाजिक उपलब्धी होय. परंतु विणकर, कुंभार यांचा धंदा बुडाला तेव्हा त्यासाठी सहकारी संस्था, प्रशिक्षण, मंडळे यांचा विचार तरी झाला. टकाऱ्यांच्या बाबतीत तसे घडणे कठीणच होते. कारण शासनाच्या दफ्तरी त्यांना धंदा होता, हेच मुळी मान्य झालेले नव्हते. ज्याची नोंद कारागीर म्हणून नाही, त्याचे कारागीर म्हणून पुनर्वसन कसे होणार?

इतिहासलेखनापुढील प्रश्न

वरील विवेचनातून इतिहासाच्या अभ्यासकांपुढे तीन प्रश्न उभे राहतात. पहिला साधनांचा. पोलीस-ग्रंथ व गॅझेटिअर यांतील माहिती टाकून देता येत नाही. अनेकदा दुसरे लिखित साधनच नसते. पण ती वाचताना ‘दर्शनी’ हे विशेषण काढून वाचण्याची दक्षता घेतली पाहिजे. त्या मथळ्याखाली जे काही लिहिले आहे, तोच त्या समाजाच्या आर्थिक इतिहासाचा कच्चा मजकूर होय. संशयाने का होईना, अधिकाऱ्याने साधने, मार्ग, मुक्काम यांची नोंद केलेली असते. तिचा उपयोग व्यवसायाचा इतिहास उभारण्यासाठी करता येतो.

दुसरा प्रश्न स्वकथनांचा. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) या दोन्ही आत्मकथनांना साहित्य अकादमीचे पुरस्कार मिळाले. मराठी विभागांत त्यांचा अभ्यास साहित्यकृती म्हणून होतो. इतिहास विभागांनी ती श्रमाच्या व कायद्याच्या इतिहासाची साधने म्हणूनही वाचावयास हवीत. त्याच्या जोडीला मौखिक इतिहासाची गरज आहे. हातोडी-टाकी चालविलेले वृद्ध कारागीर आणि जाते ओढलेल्या वृद्ध स्त्रिया अद्याप आपल्यामध्ये आहेत. पण ही संधी फार काळ राहणारी नाही. महाविद्यालयाच्या परिसरातील खेड्यांत माळ्यावर, परड्यात, उंबऱ्याशी पडून असलेली जाती मोजणे, त्यांवरील टाक्यांची रचना रेखाटणे, छायाचित्रे घेणे, हे विद्यार्थ्यांच्या प्रकल्पाला सहज झेपेल असे काम आहे. तो दगड हाच या कारागिरांचा स्वहस्ते लिहिलेला एकमेव दस्तऐवज आहे.

तिसरा प्रश्न भाषेचा. ‘भामटा’ हे शासकीय यादीतील एका जातीचे नाव आहे. तोच शब्द वृत्तपत्रांच्या मथळ्यांत फसवणूक करणाऱ्यासाठी आजही सर्रास छापला जातो आणि शिक्षित माणसांच्या बोलण्यातही येतो. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. शब्द मात्र रद्द झाला नाही. ज्या विद्यार्थ्याच्या जातीच्या दाखल्यावर तो शब्द आहे, तो आपल्या वर्गात बसलेला असतो, याची जाणीव अध्यापकांनी ठेवावयास हवी. २००८ चा रेणके आयोगाचा अहवाल आणि त्यानंतरचा इदाते आयोगाचा अहवाल यांनी या समाजांच्या स्थितीकडे लक्ष वेधले आहे. तथापि कलंक पुसण्याचे काम केवळ आयोगांनी होणारे नाही; ते वर्गखोलीतही व्हावे लागेल.

समारोप

टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही, असे आपण सहज म्हणतो. या म्हणीत दगडाचे सोसणे आहे, देवाचे मोठेपण आहे. टाकी धरणारा हात मात्र त्यात कोठेच नाही. इतिहासलेखनातही काहीसे असेच झाले आहे. टकाऱ्यांचा व्यवसाय अप्रसिद्ध राहिला, तो क्षुल्लक होता म्हणून नव्हे. त्याला वतन नव्हते म्हणून जुन्या दफ्तरांत त्याची नोंद झाली नाही आणि फिरतीमुळे तो संशयित ठरला म्हणून नव्या दफ्तरांत त्याची चुकीची नोंद झाली. पहिली उणीव आता भरून काढणे कठीण आहे. दुसरी दुरुस्त करणे मात्र अभ्यासकांच्या हाती आहे. ज्याला शासनाने ‘दर्शनी उपजीविका’ म्हटले, ती शेकडो वर्षे घराघरांतील चुलीशी जोडलेली खरीखुरी उपजीविका होती, एवढे जरी आपल्या पाठ्यपुस्तकांत व संशोधनात नोंदविले गेले, तरी या कारागिरांचे एक जुने देणे काही अंशी फिटेल.